मोत्याचे मोल कशात?
आपल्या नथीतला जुना ‘बसरा’ मोती बहुधा इराणच्या आखातातला. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे बुडी घेत. शेकडो शिंपल्यांत एखादाच चांगला मोती लाभे. मुंबईच्या बाजारात त्याची प्रतवारी होई. तेज नि घाट पाहून भाव चढे. पाणबुड्याच्या नावे मात्र नाखव्याची उचलच चढे. बाप मेला की ते कर्ज मुलावर येई. बहरीनमध्ये १९२० च्या दशकात पाणबुड्यांना हिशेबाच्या वह्या मिळाल्या. पुढे जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती बाजारात उतरले आणि भाव कोसळला. १९३२ साली उचल घटताच पाणबुड्यांनी दंगल केली. बुडी तीच, धोका तोच. किंमत मात्र गेली. तात्पर्य, बाजार मोल देतो ते दुर्मिळतेला. श्रमाचे मोल श्रमिकांनी एकजुटीनेच मागून घ्यावे लागते.