पाटी आणि रोप : जुन्या दाढीधारी आयरिस वाणांच्या ओळखीचा प्रश्न

बागायतीच्या इतिहासात अस्सल साधन कोणते मानावे, हा प्रश्न दाढीधारी आयरिसच्या जुन्या वाणांबाबत विशेषत्वाने उपस्थित होतो. या वाणांची वृद्धी बियांपासून नव्हे, तर मूलक्षोडाचे, म्हणजे जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या खोडाचे, तुकडे लावून केली जाते. त्यामुळे फ्रान्समधील लेमाँ यांचा १८४० चा ‘ऑनोराबिल’ आज एखाद्या बागेत असेल, तर तो मूळ रोपाचा वंशज नव्हे, ते रोपच होय. पोथीची नक्कल करताना लेखनिक चुकतो; येथे नक्कल सहसा चुकत नाही, चुकते ती पाटी.

‘ऑनोराबिल’च्या उभ्या पाकळ्या पिवळ्या असून खाली झुकणाऱ्या पाकळ्यांवर तांबूस तपकिरी रेषा असतात. बेल्जियममधील व्हान हौट यांचा १८५४ चा ‘सां सूसी’ याच्याशी इतका मिळताजुळता आहे की व्यापारात दोहोंच्या नावांची सरमिसळ झाली. ‘पिवळा, तपकिरी रेषांचा’ ही नोंद दोघांनाही लागू पडते. किंबहुना ती ‘आयरिस व्हेरिगाटा’ या रानटी जातीलाही लागू पडते! विक्रेत्याची सूची गिऱ्हाइकासाठी लिहिलेली असते, संशोधकासाठी नव्हे.

म्हणून वर्णन केवळ फुलाच्या रंगावर आधारू नये. ऊन, माती आणि फुलाचे वय यांनुसार रंग पालटतो. जुन्या रंगीत छपाईतील जांभळा तर मुळीच भरवशाचा नाही. त्याऐवजी कळीभोवतीचे महाछद पाहावेत. ‘पॅलिडा’ जातीत ते फूल उमलण्यापूर्वीच रुपेरी, कागदासारखे होतात आणि तिच्या संकरांतही ही खूण पुष्कळदा उतरते. पानांच्या तळाशी जांभळी छटा आहे काय, दांड्याला फांद्या कोठून फुटतात, दाढीचा रंग टोकाशी व घशात एकच आहे काय, हेही नोंदवावे.

आकारही बोलका असतो. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक उंच वाण २४ गुणसूत्रांचे, बेताच्या फुलांचे होते. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) यांनी आशिया मायनरमधून मोठ्या फुलांची आयरिस मिळवल्यावर संकराची दिशा बदलली आणि पुढे ४८ गुणसूत्रांचे वाण रूढ झाले. काश्मिरातील कब्रस्तानांत लावली जाणारी पांढरी आयरिसही या संकरांत वापरली गेली. तेव्हा मोठ्या, झालरदार फुलाखाली १८४० ची पाटी दिसली, तर संशय घ्यावा.

अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० मध्ये स्थापन झाली. तिच्या १९३९ च्या सूचीमुळे नावे व वर्षे पडताळता येतात, परंतु तेथील वर्णने अत्यंत त्रोटक आहेत. अशा वेळी, प्रस्तुत लेखकाच्या मते, ‘अनोळखी’ अशी पाटी लावून रोप कोणत्या बागेतून व कधी आले एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. चुकीचे नाव लागले की त्या नावाने भलतेच रोप वाटले जाते आणि खरे रोप ‘वेगळे दिसते’ म्हणून उपटले जाते. बोंडे मात्र वेळीच खुडावीत. गळलेल्या बियांतून उगवलेले रोप जुन्याच ताटव्यात मिसळते आणि पाटी तीच राहते.