अर्धा कप मैदा कमी

१८९६ साली बॉस्टनच्या लिटल, ब्राउन या प्रकाशनसंस्थेनं एक जाडजूड पाकपुस्तक छापलं. ते खपेल याची प्रकाशकाला खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च लेखिकेनंच उचलला. लेखिका होती फॅनी फार्मर, ‘बॉस्टन कुकिंग स्कूल’ची मुख्याध्यापिका. पुस्तकातल्या ब्रेडच्या प्रकरणात ओट्सच्या ब्रेडची एक छोटीशी कृती आहे. दोन कप उकळतं पाणी, एक कप ओट्स, अर्धा कप मोलॅसिस, चमचाभर लोणी, मीठ, यीस्टची अर्धी वडी आणि साडेचार कपांच्या आसपास मैदा. ओट्सवर उकळतं पाणी ओतून तासभर ठेवायचं, मग बाकीचं सगळं घालायचं, फुगू द्यायचं आणि भाजायचं. एवढं झाल्यावर बाई जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतात. मैदा अर्धा कप कमी घातला, तर याच पिठाचे छोटे गोल पाव जास्त चांगले होतात. मात्र पीठ इतकं सैल होतं की हातात धरवत नाही. म्हणून एका ताटलीत कोरडा मैदा घ्यावा, चमच्यानं पीठ त्यात सोडावं, तळहातांना भरपूर मैदा लावावा आणि मग गोळे वळावेत.

ओट्स आणि मोलॅसिसचे मऊ डिनर रोल आज अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांत घरोघरी होतात. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात ते सुपाबरोबर, भाजलेल्या टर्कीबरोबर वाढले जातात, आणि त्यांची ओळख बहुधा ‘आजीच्या हातचा जुना पदार्थ’ अशीच करून दिली जाते. मला ही ओळख अपुरी वाटते. सतराव्या शतकात प्लिमथला उतरलेल्या इंग्रज कुटुंबांना हे रोल करताच आले नसते. त्यातलं मोलॅसिस जुनं आहे, ओट्सही जुने. पण ज्या रूपात ते या पिठात येतात ते रूप, वडीचं यीस्ट, पांढराशुभ्र मैदा, आणि मोजलेला कप, हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्यांनी, कालव्यांनी आणि शाळांनी दिलं.

आधी मोलॅसिस. उसाचा रस उकळून घट्ट केला की त्यात साखरेचे कण धरतात. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत तो दाट पाक शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यांत ओतत. साच्याच्या टोकाला भोक असे. साखर आत राही आणि काळपट, चिकट पाक खालच्या भांड्यात ठिबकत राही. तो पाक म्हणजे मोलॅसिस. आपली काकवी त्याची जवळची नातलग खरी, पण काकवीत उसाचा सगळा गोडवा शाबूत असतो. मोलॅसिसमधून साखर काढून घेतलेली असते, म्हणून त्यात किंचित कडवटपणा उतरतो. साखर जहाजांनी युरोपला जाई. उरलेल्या पाकाचं करायचं काय, हा मळेवाल्यांचा प्रश्न होता आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, व्यापाऱ्यांना त्यातच धंदा दिसला.

त्या धंद्याचं गणित उघड सांगितलं पाहिजे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर कॉड मासा अमाप मिळे. खारवून वाळवलेल्या कॉडमधला उत्तम माल स्पेन-पोर्तुगालला जाई आणि हलका, मोडका माल कॅरिबियन बेटांवर. तिथे तो गुलामांना खायला घालत. परतीच्या जहाजांत मोलॅसिसची पिंपं येत. बॉस्टन, मेडफर्ड, न्यूपोर्टच्या भट्ट्यांत त्यांची रम होई, आणि त्या रमचा काही भाग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. तिथे रमच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जात. ती माणसं पुन्हा त्याच बेटांवर, त्याच उसाच्या मळ्यांत. रमच्या भट्टीकडे न गेलेली पिंपं गावातल्या दुकानांत ठेवत आणि मापानं मोलॅसिस विकत. साखर महाग होती, मोलॅसिस स्वस्त. म्हणून बीन्समध्ये, मक्याच्या पुडिंगात, पावात सगळीकडे तेच पडे. न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकाची ती खास गोडसर काळी चव गरिबीतून आली असं म्हणतात. ते खरं आहे, पण ती स्वस्ताई कुणाच्या पाठीवर उभी होती हे त्याच वाक्यात सांगायला हवं.

या पाकानं राजकारणही घडवलं. फ्रान्सनं आपल्या ब्रँडीला धक्का लागू नये म्हणून रमवर बंधनं घातली होती, त्यामुळे फ्रेंच बेटांवर मोलॅसिस मातीमोल भावानं मिळे. ब्रिटिश मळेवाल्यांनी तक्रार केली आणि १७३३ साली पार्लमेंटनं परदेशी मोलॅसिसवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. वसाहतींनी तो चुकवला. तस्करी हाच रिवाज झाला. १७६४ मध्ये कर निम्मा करून तीन पेन्सवर आणला, पण या वेळी तो खरोखर वसूल करायचं ठरलं, आणि बॉस्टन पेटलं. चहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते; मोलॅसिसचा क्रम तिच्या आधीचा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी १८१८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी लिहिलेल्या एका पत्रात अमेरिकेच्या स्वातंत्र्यातला मोलॅसिसचा वाटा मोकळेपणानं मान्य केला आहे.

एकोणिसाव्या शतकात मोलॅसिस मुख्यतः क्यूबाहून येऊ लागलं. मेन राज्यातलं पोर्टलंड हे त्याचं मोठं बंदर झालं. क्यूबातली गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. फॅनी फार्मरचं पुस्तक निघालं तेव्हा त्या घटनेला जेमतेम दहा वर्षं झाली होती.

आता ओट्स. इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या लेखी हे घोड्यांचं धान्य. स्कॉटलंडमध्ये माणसं ते खात, आणि डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट्सची व्याख्या देताना त्यावरून स्कॉट लोकांना चिमटा काढला होता. अमेरिकेत ओट्सचं पीठ आजाऱ्यांसाठी औषधांच्या दुकानातून घ्यायची वस्तू होती. हे बदललं ते जर्मनीतून आलेल्या फर्डिनंड शूमाखर या वाण्यामुळे. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये त्यानं १८५० च्या दशकात ओट्स भरडून विकायला सुरुवात केली. यादवी युद्धात सैन्याच्या मागणीनं त्याची गिरणी वाढली. तरी भरडलेले ओट्स शिजायला फार वेळ घेत, आणि ओट्समध्ये तेलाचा अंश बराच असल्यानं पीठ लवकर खवट होई.

दोन्ही अडचणींवर उपाय निघाला तो वाफेचा. सोललेले दाणे वाफवायचे आणि लोखंडी रुळांमधून चपटे करून काढायचे. आपण भात भिजवून, भाजून, कुटून पोहे करतो त्याच जातीचं हे काम. वाफेनं तेल बिघडवणारं विकर निकामी होतं, म्हणून माल टिकतो. आणि चपटा दाणा गरम पाण्यात काही मिनिटांत फुलतो. ओहायोतल्याच रॅव्हेनाच्या एका गिरणीनं १८७७ मध्ये ‘क्वेकर’ हे नाव नोंदवलं, हेन्री क्रोवेलनं ती गिरणी विकत घेतली, आणि पोत्यातून सुटे विकले जाणारे ओट्स पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद झाले. १८९१ मध्ये या कंपनीनं खोक्यावर एक पाककृती छापली. कंपनीच्या इतिहासाप्रमाणे ती ओट्सच्या ब्रेडची होती. तेव्हा फार्मरबाईंनी हा पाव शोधून काढला असं कुणी म्हणू नये. तो खोक्यावरून स्वयंपाकघरांत पोचलेलाच होता. त्यांनी केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं काम.

गव्हाची गोष्ट मात्र थोडक्यात. न्यू इंग्लंडचा गहू सतराव्या शतकापासून तांबेऱ्यानं जाई. रोग बार्बेरीच्या झुडपांवरून येतो असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता आणि १७५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सनं ती झुडपं तोडण्याचा कायदाही केला. विज्ञानानं हा संबंध सिद्ध केला १८६५ मध्ये. गहू असा हातचा जात असल्यानं रोजचा पाव राय आणि मक्याचा, जड आणि ओलसर. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, पश्चिमेचा गहू किनाऱ्याला येऊ लागला, पुढे मिनिआपोलिसच्या गिरण्यांचा मैदा आला. हंगेरीहून आलेल्या चार्ल्स फ्लाइशमननं १८६८ मध्ये सिनसिनाटीत दाबलेल्या यीस्टच्या वड्या करायला घेतल्या. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या यीस्टचे ताजे पाव लोकांनी रांगा लावून खाल्ले. घरात बटाट्याच्या पाण्यावर यीस्ट जगवण्याचा खटाटोप त्यानंतर हळूहळू संपला.

आणि आकार? जेवणाच्या ताटाशेजारी एकेकाला एकेक छोटा मऊ पाव ठेवायची हौस बॉस्टनला लावली ती पार्कर हाउस या हॉटेलानं. हार्वी पार्करचं हे हॉटेल १८५५ मध्ये सुरू झालं आणि १८७० च्या दशकात तिथले लोण्यानं माखलेले, दुमडलेले रोल गाजले. कापायच्या मोठ्या पावाऐवजी हातानं तोडायचा पाव मध्यमवर्गीय टेबलावर आला तो या वाटेनं.

म्हणजे १८९० पर्यंत सगळं साहित्य बॉस्टनच्या बाजारात हजर होतं. उरला होता तो हिशेब. फॅनी फार्मरचा जन्म १८५७ चा. सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, शिक्षण थांबलं, पुढे कायम पाय ओढत चालावं लागलं. तिशीच्या उंबरठ्यावर त्या कुकिंग स्कूलमध्ये विद्यार्थिनी म्हणून गेल्या आणि काही वर्षांत त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या. जुन्या पाकपुस्तकांत अंड्याएवढं लोणी, चहाचा पेला भरून पीठ, अशी मापं असत. ज्या मुलीला आईशेजारी उभं राहून शिकायला मिळालं तिला ती पुरत. शहरात एकटीनं संसार मांडलेल्या, किंवा नव्यानं देशात आलेल्या बाईला त्यांचा उपयोग नव्हता. फार्मरबाईंनी धरलेला आग्रह असा: कप भरायचा आणि सुरीच्या पाठीनं वरचं पीठ सपाट करायचं, चमचाही तसाच. अर्धा कप मैदा कमी, असं सांगता येतं ते यामुळेच. कप सपाट भरलेला नसेल तर त्या अर्ध्या कपाला अर्थच राहत नाही, कारण शिगोशीग भरलेल्या चार कपांत तेवढा फरक सहज लपून जातो.

आणि या पावात तो फरक निर्णायक आहे. ओट्समध्ये गव्हासारखी ताणली जाणारी प्रथिनं नसतात. ते पाणी मात्र प्रचंड धरतात. त्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू पाण्यात बुळबुळीत होऊन ओल कोंडून ठेवतो, आणि उकळत्या पाण्यानं स्टार्च फुलून पाणी शोषतो. अशी ओल पिठात आली की भाजताना ती सगळी उडून जात नाही, म्हणून रोल दुसऱ्या दिवशीही मऊ लागतात. ओट्स कोरडे घातले, तर तेच पाणी ते पिठातून ओढून घेतात आणि त्यांच्या कडा फुगत्या पिठाला आतून छेद देतात. मोलॅसिसमधली ग्लुकोज-फ्रुक्टोजही ओल धरून ठेवते, शिवाय रंग चढवते; त्यामुळे हे रोल मध्यम आचेवरच भाजावे लागतात, नाहीतर वरून काळे आणि आतून कच्चे. पीठ चिकटतंय म्हणून मूठमूठ मैदा वाढवत जायचा मोह प्रत्येकाला होतो. तिथेच मऊपणा जातो. ताटलीतला कोरडा मैदा आणि चमचा ही युक्ती त्या मोहावरच आहे: मैदा बाहेरून लागतो, आत जात नाही.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात या पावाची दुसरी एक शाखा आहे आणि तिला बॉस्टनची वाट पाहावी लागली नाही. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून पिक्टूला स्कॉट कुटुंबं उतरली, त्यांच्यासाठी ओट्स हे माणसांचंच अन्न होतं. खारवलेल्या माशाच्या बदल्यात मोलॅसिस तिथल्या बंदरांतही येई. उरलेल्या पेजेत मोलॅसिस आणि पीठ मळून केलेला ‘पॉरिज ब्रेड’ तिथे अजून होतो, शनिवारच्या बीन्सबरोबर खातात. यारमथला १८७९ मध्ये सुरू झालेली क्रॉस्बी ही कंपनी आजही मोलॅसिसच विकते. पुढे ती न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला गेली.

पहिल्या महायुद्धानंतर पांढरी साखर स्वस्त झाली आणि मोलॅसिसचं राज्य गेलं. बॉस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ रोजी ५० फूट उंचीची टाकी फुटून मोलॅसिसच्या लाटेनं २१ माणसांचा जीव घेतला, ते मोलॅसिस औद्योगिक अल्कोहोलसाठी साठवलेलं होतं, पावासाठी नव्हे. घरात ते उरलं फक्त जिथे त्याच्या चवीला पर्याय नव्हता तिथे: आल्याच्या केकमध्ये, बीन्समध्ये आणि ओट्सच्या या पावात.

आपल्याकडे करायचे तर कारखान्यातली मळी या कामाची नाही. ती आसवनीत जाते आणि तिथेच शोभते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली दाट काकवी घ्यावी. तिच्यात साखर जास्त आणि कडवटपणा जवळजवळ नाही, म्हणून अर्ध्या कपाऐवजी पाऊण वाटीच्या मोहात न पडता थोडी कमीच घालावी, मीठ हात आखडून घालू नये. रंग मोलॅसिसइतका गडद येत नाही, पण भिजलेल्या ओट्सबरोबर काकवीचा वास ओव्हनमधून येऊ लागतो तेव्हा मला तरी त्या गडद रंगाची उणीव भासत नाही. यीस्ट मात्र ओट्स पुरते कोमट झाल्याशिवाय घालू नये. उकळत्या पाण्यातले ओट्स वरून निवलेले दिसतात, पण मधे बराच वेळ गरम असतात, आणि त्या उष्णतेनं यीस्ट मरतं.