शायराची हाक

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि शीतयुद्ध संपले, असे आम्ही वर्गात शिकवतो. कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्कचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९४९ ते १९८९ या काळात तेथे ४५६ अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेशी बरोबरी साधली मॉस्कोने; किंमत मोजली आसपासच्या गोरगरीब खेड्यांनी. कर्करोग आणि जन्मजात व्यंग त्यांच्या वाट्याला आले.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शायर ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी टेलिव्हिजनवरून या चाचण्यांविरुद्ध जाहीर हाक दिली. लाखो लोकांनी सह्या केल्या. अखेर २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते केंद्र बंद झाले. १९९५ पर्यंत कझाकस्तानातील सारी अण्वस्त्रे रशियात परत गेली.

महासत्तांची ती स्पर्धा संपली, पण शस्त्रे उरलीच. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण करताना रशियाने अण्वस्त्रांचा धाक दाखवला. जगातील बहुतांश अण्वस्त्रे आजही रशिया आणि अमेरिकेकडेच आहेत.

करार राज्यकर्ते करतात आणि तेच मोडतात. म्हणून केवळ त्यांच्या सहीवर विसंबून चालणार नाही. सेमिपालातिन्स्कचे दार लोकांच्या आवाजाने बंद झाले, हेही इतिहासाच्या तासाला सांगायला हवे, असे आम्हाला वाटते.