गोखल्यांचे हृदय

‘हाय खाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे. मनाचा घाव हृदयास लागतो, हे लोकांनी वैद्यकाच्या आधीच ओळखले होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. शिरपूरहून तापी उतरून गेले की अमळनेर लागते. तेथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीही ते लिहिले आहे.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. प्रवासात कॅले येथे अपघात होऊन त्यांच्या छातीस मार बसला. साक्ष उत्तम झाली. परंतु पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची आलेली हकीकत त्यांनी तेथे प्रसिद्ध केली, पुरावा मिळेना, आणि परत येताच जाहीर माफी मागावी लागली. स्वकीयांनीही त्यांना दूषणे दिली. देहाचा व मनाचा घाव असे एकाच वर्षी पडले.

पुढे मधुमेह जडला, हृदय दुर्बल झाले. तरी काम सुटले नाही. १९१४ च्या अखेरीस काँग्रेसमधील दोन पक्षांच्या समेटाची बोलणी फिसकटली आणि वृत्तपत्रांतून कटू वाद माजला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यास आले. भारत सेवक समाजात त्यांच्यासाठी मेळावा भरला. गोखले आजारातून उठून कसेबसे तेथवर आले आणि मूर्च्छित झाले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला, की कार्यक्रम थांबवू नये. १९ फेब्रुवारीस, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

वादानेच त्यांचा बळी घेतला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधुमेह व हृदयविकार आधीपासूनच होते. पण दुर्बल हृदय हे मोटेच्या थकलेल्या बैलासारखे असते. क्षोभ, भीती वा दुःख झाले की शरीरात अॅड्रिनलिन उसळते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी हृदय हा चाबूक सोसते. दुर्बल हृदयाकडून रक्त पुढे ढकलले जात नाही. ते मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी उतरते आणि रात्री आडवे होताच धाप लागते.

म्हणून ज्या घरी असा रुग्ण असेल, तेथे मीठ मोजावे, औषध वेळेवर द्यावे, आणि त्याच्या मनावरील ओझ्याचीही तितकीच विचारपूस करावी. गोखल्यांनी आपले दुःख बहुधा कामात बुडविले. ते थोरपण वंदनीय आहे. पण घरच्या माणसाने त्याचे अनुकरण करावे, असे कोणी म्हणू नये.