क्राकोव : नागरिकांनी राखलेली राजधानी



कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर असेल. दुसऱ्या महायुद्धात घरादारास मुकलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका-मुलेच फार, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथल्या वसाहतीत राहिले. त्या परक्या मुलखातही त्यांनी आपल्या भाषेच्या शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारले, सणवार पाळले. देश हातचा गेला तरी आपले आपण सांभाळावयाचे, ही सवय त्यांना त्या एका युद्धाने लागलेली नव्हती. ती त्यांच्या पणज्या-आज्यांपासून चालत आलेली होती. ती कशी लागली हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पोलंडमधील क्राकोव शहर पाहावे. पोलिश लोक त्याचा उच्चार 'क्राकुफ' असा करतात.

हे शहर व्हिस्चुला नदीच्या काठी वसलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा वॉर्साला गेला, तोपर्यंत पोलंडची राजधानी हीच. पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो सगळा देश गिळला. १७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. राजा नाही, सैन्य नाही, स्वतःचा खजिना नाही. मग ह्या जुन्या राजधानीतील वास्तू राखल्या कोणी? आजच्या फेरीत आपण हाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारणार आहोत.

शहरात उत्तरेकडून शिरू. समोर विटांची एक गोल, बुटकी, भक्कम गढी दिसते. हे बार्बाकान. १४९८-९९ मध्ये तुर्कांच्या स्वारीच्या धास्तीने ते बांधले. त्याच्या मागे फ्लोरियन दरवाजा आणि तटाचा थोडासा भाग उभा आहे. बाकीचा तट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला आणि त्याच्या जागी शहराभोवती झाडांचा एक हिरवा पट्टा झाला. त्याला प्लांती म्हणतात. सगळाच तट जावयाचा, पण फेलिक्स राद्वान्स्की नावाचा एक अध्यापक आडवा आला. तट पाडला तर उत्तरेचा बोचरा वारा थेट चौकात घुसेल आणि नागरिकांना पडसे व संधिवात जडेल, असाही मुद्दा त्याने मांडला, असे सांगतात. कारभाऱ्यांना इतिहासाचा कळवळा नसला तरी पडशाची भीती असतेच! युक्तिवाद कोणताही असो, दरवाजा वाचला.

दरवाजातून सरळ गेले की मुख्य चौक लागतो. १२५७ मध्ये ड्यूक बोलेस्वाव ह्याने शहराला नवी सनद दिली, तेव्हा हा चौक आखला. प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर. मध्ययुगातील एवढे मोठे चौक युरोपात फार थोडे आहेत. मध्यभागी कापडपेठेची लांबलचक इमारत आहे. १५५५ च्या आगीनंतर तिला आजची डौलदार शिरोभिंत मिळाली. त्याच पेठेच्या माडीवर १८७९ साली एक गोष्ट घडली. चित्रकार हेन्रिक शेमिराद्झ्की ह्याने आपले एक भव्य चित्र नगराला अर्पण केले आणि त्या देणगीवर पोलंडचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. राष्ट्राला राज्य नव्हते, पण संग्रहालय होते. ह्या एका वाक्यात क्राकोवचे एकोणिसावे शतक येऊन जाते.

चौकाच्या कोपऱ्यावर मेरीमातेचे चर्च आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांची उंची सारखी नाही. उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, एक कर्णा वाजतो. चारी दिशांना तीच धून वाजवितात आणि ती मध्येच तुटते. १२४१ च्या तार्तर स्वारीत इशारा देणाऱ्या कर्णेवाल्याच्या कंठात बाण घुसला, म्हणून धून अर्धी राहिली, अशी कथा आहे. कथा हृदयाला भिडणारी आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाने तिला हात जोडून बाजूला ठेवावे लागते. आजचे चर्च त्या स्वारीनंतरचे आहे. कर्ण्याची नोंद १३९२ सालची मिळते, आणि बाणाची कथा जगभर पसरली ती एका अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये लिहिलेल्या कादंबरीमुळे. तथापि खरी गोष्ट कथेहून लहान नाही. आज हा कर्णा शहराच्या अग्निशामक दलाचे जवान पाळीपाळीने वाजवितात. मे १९४४ मध्ये इटलीतील मॉन्ते कासिनोचा मठ पोलिश सैन्याने जिंकला, तेव्हा तेथल्या भग्नावशेषांत एका सैनिकाने हीच धून वाजविली.

चर्चच्या आत फाइट श्टॉस ह्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून घडविलेली लाकडी वेदी आहे. ती सुमारे १३ मीटर उंच आहे आणि तिच्यातील मुख्य मूर्ती माणसाहून मोठ्या आहेत. १९३९ मध्ये युद्धाची चाहूल लागताच ती उतरवून मूर्ती दूर लपविल्या होत्या. जर्मनांनी त्या शोधून काढून न्युरेंबर्गला नेल्या. १९४६ मध्ये त्या परत आणल्या, त्या कारोल एस्त्राइखर नावाच्या कला-इतिहासकाराने. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्याच ठिकाणी ते पुन्हा येणार आहे.

ते ठिकाण म्हणजे विद्यापीठ. राजा काझिमिएश ह्याने ते १३६४ मध्ये स्थापिले आणि मागे पडलेल्या त्या विद्येच्या घराला १४०० मध्ये राणी याडविगाने मृत्युपत्रान्वये दिलेल्या जवाहिरातून नवे जीवन मिळाले. कोपर्निकस १४९१ ते १४९५ ह्या काळात येथे शिकला. कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेले जुने विद्यालय आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. पण त्याच्या शेजारची नवी इमारतही पाहावी. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी तेथे प्राध्यापकांना एका व्याख्यानाला बोलाविले होते. विषय होता जर्मन सत्तेचे शिक्षणविषयक धोरण. श्रोते जमले, आणि व्याख्यानाऐवजी १८३ जणांना पकडून त्यांतील बहुतेकांना पुढे झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठविण्यात आले. आपण येथे व्याख्यान ऐकावयास निर्धास्तपणे येऊन बसलो आहोत, म्हणून ह्या प्रसंगाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. त्या छावणीत जे वारले त्यांत कायद्याच्या इतिहासाचे वृद्ध पंडित स्तानिस्वाव एस्त्राइखर होते. वर ज्या कारोलचे नाव सांगितले त्याचे ते वडील. वेदी परत आणणाऱ्या मुलानेच पुढे वर्षानुवर्षे खपून जुन्या विद्यालयाची इमारत पूर्वस्थितीला आणली. आणि विद्यापीठ? ते १९४२ पासून घराघरांत, गुपचूप, पुन्हा सुरू झाले होते.

आता दक्षिणेला, नदीकाठच्या वावेल टेकडीवर चढू. येथे राजवाडा आणि मुख्य चर्च शेजारी शेजारी आहेत. चर्चला लागून १५१९ ते १५३३ मध्ये फ्लोरेन्सच्या बेरेच्ची ह्या शिल्पज्ञाने बांधलेले, सोनेरी घुमटाचे राजस्मारक आहे. मनोऱ्यात १५२० साली ओतलेली झिग्मुंट घंटा आहे. ती वाजविण्यास बारा जण दोरांना लागतात. तळघरात राजांच्या समाध्या आहेत, आणि राजांच्या शेजारी, राज्य नसलेल्या काळात, लोकांनी ज्यांना आपले मानले तेही आहेत. सेनानी कोश्चुश्को ह्याचा देह स्वित्झर्लंडमधून १८१८ मध्ये येथे आणला आणि कवी मित्स्किएविच ह्याच्या अस्थी १८९० मध्ये पॅरिसहून आणल्या. कोश्चुश्कोसाठी तर नागरिकांनी १८२० ते १८२३ मध्ये शहराबाहेर माती वाहून एक टेकडीच रचली. ती अद्याप उभी आहे.

राजवाड्याची मात्र दैना झाली होती. प्रशियाच्या सैन्याने १७९५ मध्ये राजमुकुट लुटून नेले आणि पुढे ते वितळविले. ऑस्ट्रियाच्या फौजेने वाड्याची बरॅक केली. १९०५ पासून पुढे सैन्य हलले, आणि दुरुस्तीसाठी लोकवर्गणी सुरू झाली. टेकडीच्या चढणीवरील भिंतीत आजही विटा दिसतात आणि त्या विटांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. वाडा पाहण्याच्या घाईत प्रवासी त्या भिंतीवरून पुढे निघून जातात. आमचे सांगणे असे, की पाच मिनिटे तेथे थांबावे. 'राखले कोणी' ह्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या विटांवर लिहिलेले आहे.

पण त्या उत्तराला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहिल्यावाचून फेरी पुरी होत नाही. वावेलहून थोडे पुढे काझिमिएश नावाचा भाग आहे. तो वर सांगितलेल्या राजाच्याच नावाने १३३५ मध्ये वसला. १४९५ पासून शहरातील ज्यू येथे राहू लागले. सोळाव्या शतकातील रेमू सभागृह आणि त्याच्या मागचे जुने दफनस्थान तेथे आहे. ज्यू धर्मशास्त्राचे थोर पंडित मोझेस इस्सेर्लेस, मृत्यू १५७२, ह्यांची समाधी तेथेच आहे. युद्धापूर्वी ह्या शहरात साठ हजारांहून अधिक ज्यू होते. १९४१ च्या मार्चमध्ये त्यांना नदीपलीकडे पोद्गूझे भागात कोंडले आणि १९४३ च्या मार्चमध्ये ती कोंडवाड्याची वस्ती मारून, हाकून रिकामी केली. तेथल्या चौकात २००५ पासून धातूच्या मोठमोठ्या रिकाम्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. दुसरे स्मारक नाही, पुतळा नाही, फक्त खुर्च्या.

रेमूच्या दफनस्थानाला एक भिंत आहे. फुटलेल्या समाधिशिलांचे तुकडे वेचून ती रचलेली आहे. कोठे अर्धे अक्षर, कोठे आशीर्वादासाठी उचललेला हात, कोठे नुसती वेल. ज्यांनी ते तुकडे ओळखून एकत्र लावावयाचे, ते वंशजच उरले नव्हते.

एकाच शहरात अशा दोन भिंती आहेत. वावेलच्या भिंतीत देणाऱ्यांची नावे आहेत, रेमूच्या भिंतीत गेलेल्यांची मोडकी नावे आहेत. पहिली सांगते की माणसे असली तर राज्य गेले तरी वास्तू राहते. दुसरी सांगते की माणसेच गेली तर दगड राहिले काय आणि न राहिले काय, त्यांना वाचणारा कोणी हवा. क्राकोवचे जुने शहर १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आले, हा त्याचा मोठा गौरव खरा. परंतु तेथे जाण्याचा योग कोणास आला, तर चर्च, वाडा, चौक हे सर्व डोळे भरून पाहून झाल्यावर त्याने ह्या दोन भिंतींपाशीही उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.