बावरीचा सरवा आणि हदगावचे गायरान

नांदेडहून हदगावकडे जाताना अर्धापूर तालुक्यात दाभड येथे महाविहार बावरीनगर लागते. तेथील धम्म परिषदेला मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून उपासक-उपासिका येतात. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गातील बावरीने आपले सोळा शिष्य तथागतांकडे पाठविले, हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु बावरी गोदावरीतीरी राहत असता त्याचे पोट कशावर भरत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ग्रामीण बौद्धांच्या भूमिप्रश्नाचा विचार करताना आम्हांला याच साध्या प्रश्नापासून आरंभ करावासा वाटतो.

पारायणवग्गाच्या वत्थुगाथेत याचे उत्तर आहे. कोसल देश सोडून दक्षिणेस आलेला बावरी अस्सकाच्या राज्यात, अळकाच्या समीप, गोदावरीच्या काठी राहिला. 'उञ्छ' आणि फळे यांवर तो निर्वाह करीत असे. उञ्छ म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे व दाणे वेचणे. आपल्याकडे त्यालाच सरवा वेचणे म्हणतात. ज्वारीची कापणी झाल्यावर टोपली घेऊन दुसऱ्याच्या रानात जाणारी भूमिहीन स्त्री आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो तपस्वी यांचे अन्न एकाच मातीतून, एकाच रीतीने आले, असे म्हणण्यास हरकत नाही. भेद एवढाच की, त्याने ते व्रत म्हणून पत्करले होते आणि हिच्यावर ते लादले गेले.

त्याच्या पुढची गाथा इतिहासकाराने थांबून वाचावी अशी आहे. बावरीच्या आश्रयाने तेथील गाव भरभराटीस आले आणि त्या गावातून मिळालेल्या उत्पन्नावर त्याने महायज्ञ केला. अर्थात सरव्यावर जगणारा माणूस कालांतराने गावाच्या उत्पन्नाचा धनी झाला. मधल्या काळात नांगर कोणी धरला, पेरणी कोणी केली, हे गाथा सांगत नाही. दक्खनच्या भूमीचा पुढील इतिहास या मौनातच बराचसा सामावलेला आहे.

लेख ज्याविषयी मौन पाळतात, ते भाषा पुष्कळदा जपून ठेवते. पालीत नांगरण्याला 'कसति' आणि शेतकऱ्याला 'कस्सक' म्हणतात. मराठीतील 'जमीन कसणे' हे क्रियापद त्याच कुळातले आहे. पालीतील 'खेत्त' आणि आपले 'शेत' यांचे मूळ एक आहे. 'अरञ्ञ' आणि 'रान' यांचेही तसेच, आणि त्या रानातूनच 'गायरान' हा शब्द घडला. म्हणजे जमिनीवर राबण्याची आपली भाषा थेट लोकांच्या प्राकृतातून आलेली आहे. उलटपक्षी पट्टा, इनाम, वतन, सातबारा हे हक्काचे शब्द राज्यागणिक बदलत गेले.

कोरीव लेखांकडे वळल्यास हीच गोष्ट निराळ्या रीतीने दिसते. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखात, राज्यवर्ष १८ मध्ये, तिरण्हु पर्वतावरील भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिल्याची नोंद आहे. वर्ष २४ च्या लेखात मात्र वेगळीच अडचण आली आहे. ककखडी गावात पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत, अशी आज्ञा त्यात आहे. कसणारे हात नसतील तर राजाच्या दानालाही मोल उरत नाही, याची याहून स्पष्ट कबुली आम्हांला ठाऊक नाही.

नांदेडच्या भूमीसंबंधी असाच महत्त्वाचा पुरावा वाशीमच्या ताम्रपटात आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्यवर्ष ३७ मध्ये नांदीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले. काळ इसवी सनाचे चौथे शतक. ताम्रपटाचा आरंभ संस्कृतात असला, तरी दानाचा तपशील प्राकृतात आहे. दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळाल्या, त्यांत सैनिकांचा प्रवेश नाही, चामडी व कोळसा पुरविण्याची सक्ती नाही, अशा बाबी येतात. जी सक्ती एका गावाला माफ केली, ती इतर गावांवर होती, हे उघड आहे. चामडे आणि कोळसा गावातून कोण आणून देत असेल, याचे उत्तर ताम्रपटावर कोरलेले नाही. पुढील शतकांतील गावगाड्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ते सांगावेही लागणार नाही.

या गावगाड्यात पूर्वाश्रमीच्या महारांचे जमिनीशी नाते मोठे विलक्षण होते. गावाची शिव महाराला ठाऊक असे आणि शिवेच्या वादात त्याची साक्ष ग्राह्य धरली जाई. दुसऱ्याच्या शेताची हद्द ज्याच्या शब्दावर ठरत असे, त्याच्या वाट्याला मात्र वतनाचा, हाडोळ्याचा, लहानसा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते एवढेच येई. बिदरच्या बादशहाने ५२ हक्क दिल्याची आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्या हक्कांची किंमत रात्रंदिवसाच्या गावकीने चुकवावी लागत होती. म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाचा तुकडा हाच माणसाच्या पायातील साखळदंड झाला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

हदगावचा भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेला पैनगंगा आणि पलीकडे १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड. सालारजंगाच्या सुधारणांनंतर संस्थानात जमिनीची मोजणी व रयतवारी पद्धतीची आकारणी झाली. सरकारी दफ्तर उर्दूत गेले. पट्टेदाराचे नाव कागदावर आले, त्याच्या शेतात राबणारा सालगडी कागदाबाहेर राहिला. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत त्याचे साल. लग्नासाठी वा आजारपणात घेतलेली उचल फिटेपर्यंत पुढचे साल ठरलेले. संस्थानातील वेठबिगारीचे स्वरूप इतके उग्र होते की, १९३६ साली भगेला करारांचे नियमन करणारा कायदा निजाम सरकारलाही करावा लागला.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी दासकम्मकरांप्रती मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, उत्तम पदार्थात वाटा देणे आणि वेळोवेळी सुटी देणे. सालगड्याचे जीवन या पाच कलमांशी ताडून पाहावे. गृहपतीला केलेला हा उपदेश एखाद्या श्रमिक कायद्याच्या कलमांसारखा वाटतो आणि त्यातील किती कलमे आजही अंमलात यावयाची आहेत, हेही ध्यानी येते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदलू लागले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा आला. १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात आजही तो खासरा काढून पाहिला जातो. कूळ कायद्याचा लाभ कूळ म्हणून नोंद असलेल्यास होता. सालगड्याची, मजुराची अशी नोंदच नसल्याने तो या सुधारणेच्या परिघाबाहेर राहिला. अशा वेळी त्याच्यासमोर उरले ते गावाचे गायरान आणि पडीक जमीन. १९५३ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात या जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लोकांनी गावकी आणि मेलेली गुरे ओढणे सोडले, आणि त्यांच्याबरोबर बलुत्याची भाकरही सुटली. स्वाभिमान राखावयाचा तर स्वतःच्या कष्टाचे धान्य हवे, आणि धान्यासाठी जमीन हवी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी भूमिसत्याग्रहाचे मर्म हेच होते. धर्मांतर आणि भूमिसत्याग्रह यांना दोन निरनिराळे अध्याय मानणे आम्हांला मान्य नाही.

जुलै १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर नांदेड जिल्ह्यातील वस्त्या जाळल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. निमित्त नामांतराचे होते. परंतु गावकी नाकारणारा, मजुरी मागणारा, गायरानात नांगर घालणारा माणूस गावातील बलवानांच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होता, हे विसरून चालणार नाही.

शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, भूमिहीन दुर्बलांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. त्यासाठी पुरावा मागितला गेला. येथे कसणाऱ्याची जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. त्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे दोषी ठरणे, आणि आता तोच दोष हक्काचा आधार झाला. ज्याने दंडाची पावती जपली त्याला काही सांगता आले. ज्याची पावती पावसात भिजली, त्याची वीस वर्षांची मेहनत जणू घडलीच नाही. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नमूद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, आणि राज्यभर नोटिसा निघाल्या.

गायरान सर्व गावाचे, गुरांचे आहे, ते काहींनी का घ्यावे, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. भूमिहीनाची शेळीही त्याच गायरानात चरते आणि रान नाहीसे झाल्याची झळ प्रथम तिलाच बसते. परंतु दोन एकर मुरमाड जमिनीतून दगड वेचून ज्वारी पिकविणारा आणि पन्नास एकरांच्या बांधाला लागून गायरान गिळणारा, या दोघांना 'अतिक्रमक' या एकाच शब्दात बसविणे हा न्याय नव्हे. धम्माच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. अग्गञ्ञ सुत्तात शेतांच्या सीमा माणसांनीच घातल्या आणि दुसऱ्याचा वाटा बळकावण्यातून कलह उपजला, असे सांगितले आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा, अशी कारणपरंपरा येते. कूटदन्त सुत्तातील पुरोहित राजाला शिक्षा वाढविण्याऐवजी शेती करणाऱ्यांना बियाणे देण्याचा सल्ला देतो. १९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी सिद्ध केलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाहता गावकऱ्यांना कसावयास द्यावी, असे सुचविले. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच त्यात उरणार नव्हते. या दोन विचारांतील नाते आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

एक सूचना करून हा लेख संपवितो. हदगाव तालुक्यातील आणि अन्यत्रच्या प्रत्येक विहारात वंदनेनंतरचा एक रविवार जमिनीच्या कागदांसाठी राखून ठेवावा. वस्तीतील कुटुंबांकडील दंडाच्या पावत्या, एक-ई चे उतारे, १९५४ च्या खासऱ्याच्या नकला, सत्याग्रहातील तुरुंगवासाचे दाखले एकत्र करून त्यांच्या प्रती विहारात ठेवाव्यात. कोणते शेत कोणी, केव्हापासून कसले, हे ज्या वृद्धांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे. शिवेची साक्ष देणाऱ्यांचे हे वंशज आहेत. निदान आता तरी त्यांची साक्ष त्यांच्या स्वतःच्या शेतासाठी नोंदविली जावी. ही वृद्ध मंडळी दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत, म्हणून हे काम येत्या वर्षावासातच हाती घ्यावे.