सुट्या भागांचा संगणक

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत आल्बुकर्क नांवाचें शहर आहे. १९७४ सालच्या उत्तरार्धांत तेथून न्यूयॉर्कला एक पेटी रवाना झाली आणि वाटेंतच गहाळ झाली. तींत त्या जातीचें एकुलतें एक यंत्र होतें. इकडे मासिकाचा अंक छपाईला निघालेला. तेव्हां कारखानदारानें घाईघाईनें एक पोकळ पेटी तयार केली, तिच्या दर्शनी बाजूस खटके व दिवे बसविले, आणि 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकावर तिचेंच चित्र झळकलें. घरगुती संगणकाचा इतिहास आज मी जिच्यापासून सांगणार आहें, ती पेटी अशी रिकामी होती!

यंत्राचें नांव अल्टेअर ८८००, आणि कर्ता एड रॉबर्ट्‌स. हा गृहस्थ तेव्हां ३३ वर्षांचा होता. खिशांतलीं गणनयंत्रें विकण्याचा त्याचा धंदा मोठ्या कंपन्यांनीं भाव पाडल्यामुळें बुडत चालला होता, डोक्यावर कर्ज होतें. १९७४ सालीं इंटेल कंपनीनें ८०८० ही चिप काढली; पूर्वी ज्या कामास कपाटभर साहित्य लागे तें गणिताचें व नियंत्रणाचें काम ती एकटी करूं लागली. रॉबर्ट्‌सनें तिच्याभोंवतीं एक संगणक रचला, आणि चारशें डॉलरांच्या आंत त्याचे सुटे भाग टपालानें धाडण्याची जाहिरात केली. भाग हातीं आल्यावर एकेक सांधा डाख लावून जोडण्याचें काम गिऱ्हाइकाचें. इतकें करून मिळे काय? कळफलक नाहीं, पडदा नाहीं. स्मृति अवघी २५६ बाइटांची. इंग्रजी पोस्टकार्डावरच्या चार ओळींनीं ती भरून जावी! आज्ञा द्यावयाची ती आठ खटके वर-खालीं करून, आणि उत्तर वाचावयाचें तें लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. रॉबर्ट्‌सची अटकळ कांहीं शेंकडा मागण्यांची होती. त्या आल्या हजारांनीं.

असल्या निरुपयोगी यंत्रावर लोक कां तुटून पडले, हें समजण्यासाठीं त्यापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. संगणक असे तो सरकारचा, पेढीचा अथवा विद्यापीठाचा. कॅलिफोर्नियांतला स्टीव्ह वॉझ्निअॅक नांवाचा शाळकरी मुलगा अशा संगणकांचीं माहितीपुस्तकें मिळवी आणि खोलीचें दार लावून त्यांचे आराखडे कागदावर नव्यानें मांडी. दर खेपेस आधींपेक्षां कमी चिपा वापरून. जोडावयास पैसे नव्हते, म्हणून सारा खेळ कागदावरच! असलें यंत्र मी एक दिवस घेणार, असें तो वडिलांस म्हणाला. त्याची किंमत घराएवढी आहे, असें वडिलांनीं सांगितल्यावर मुलानें उत्तर दिलें, मग मी भाड्याच्या खोलींत राहीन.

१९७१ सालीं बिल फर्नांडिस ह्या मित्राच्या गॅरेजमध्यें त्यानें मिळालेल्या चिपांतून एक लहानसा संगणक खरोखरच जोडला. जोडतां जोडतां दोघे क्रीम सोड्याच्या बाटल्या रिचवीत, म्हणून त्याचें नांवही तेंच पडलें. वर्तमानपत्राचा प्रतिनिधि पाहावयास आला आणि नेमका त्याच वेळीं यंत्रांतून धूर निघाला.

अल्टेअरचा अंक निघाल्यावर थोड्याच दिवसांनीं, ५ मार्च १९७५ रोजीं, मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच ह्याच्या गॅरेजमध्यें तीस-बत्तीस माणसें जमलीं. ह्या मंडळाचें नांव पुढें होमब्रू कॉम्प्युटर क्लब असें पडलें. वॉझ्निअॅक तेथें आला. वय चोवीस, स्वभाव लाजाळू. तेथें मिळालेलें एक माहितीपत्रक घरीं नेऊन वाचलें, तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, कागदावर आपण वर्षानुवर्षें जें काढीत आलों तें आतां एका चिपेंत आलें आहे.

पुढच्या महिन्यांतली एक हकीकत, आपण रेडिओपाशीं बसलेले म्हणून, जरा सविस्तर सांगतों. स्टीव्ह डॉम्पिअर हा सभासद अल्टेअर जोडून बसला होता. शेजारीं एक साधा रेडिओ चालू होता. यंत्रानें गणित सुरू केलें कीं रेडिओंत खरखर उमटे. कारण चिपेंतील विजेच्या जलद चढउतारांतून बाहेर लहरी निघत आणि रेडिओ त्या पकडी. दुसऱ्यानें रेडिओ दूर सारला असता. ह्यानें विचार केला कीं, एखादी क्रिया यंत्राकडून अमुक वेळानें पुनःपुन्हां करवली तर स्वरही अमुकच निघेल. मग त्यानें एकेक स्वर हुडकून काढला, आणि रेडिओ बगलेंत मारून सभेस गेला. खटके वर-खालीं करून सारी आज्ञावली यंत्रांत भरली. इतक्यांत तारेंत कोणाचा तरी पाय अडकला, वीज गेली आणि यंत्र सर्व विसरलें! बिचाऱ्यानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. अखेर रेडिओंतून बीटल्सचें एक गीत वाजूं लागलें. बोलतां न येणाऱ्या यंत्राला वाचा फुटलेली पाहून मंडळी उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ह्या मुलांच्या कथा सांगतांना 'गॅरेजमधली गरिबी' असा सूर लावण्याची रीत पडली आहे. मला तो पटत नाहीं. वॉझ्निअॅकचे वडील लॉकहीडमध्यें अभियंते, शेजारीपाजारी त्याच पेशाचे. त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स ह्यानें बाराव्या वर्षीं, कंपनसंख्या मोजण्याच्या यंत्राचे भाग हवेत म्हणून, हेवलेट-पॅकर्डचे बिल हेवलेट ह्यांस थेट घरीं दूरध्वनि केला. त्यांनीं हंसून भाग दिले आणि वर सुटीपुरती नोकरीही. अशी बुद्धि आपल्या मुलांत नव्हती काय? परंतु आयातीच्या कडक निर्बंधांच्या त्या दिवसांत आमच्याकडच्या शाळकरी मुलानें ८०८० चिप आणावी कोठून? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे भाग मिळत. सुटे भाग आणून संगणक जोडणारीं आमचीं पोरें तेथें दिसूं लागलीं तीं पुष्कळ वर्षांनंतर.

१९७५ च्या सप्टेंबरांत, ज्या काळीं ८०८० ची छापील किंमत ३६० डॉलर होती, त्या काळीं सान्फ्रान्सिस्को येथें ६५०२ ही चिप २५ डॉलरांस विकावयास आली. वॉझ्निअॅकनें तिच्यावर आपला संगणक रचला, त्याला कळफलक व दूरदर्शनचा पडदा जोडण्याची सोय केली, आणि आराखडे मंडळांत फुकट वांटले. विकण्याची कल्पना जॉब्सची. १ एप्रिल १९७६ रोजीं ॲपल कंपनी स्थापन झाली. पहिल्या यंत्राची किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. पेटी, कळफलक व वीजपुरवठा ज्याचा त्यानें पाहावयाचा. सुमारें दोनशें नग झाले. त्याच वर्षीं ख्रिस एस्पिनोसा हा १४ वर्षांचा मुलगा शाळा सांभाळून ॲपलचें काम करूं लागला.

ह्या दिलदारीस लौकरच गालबोट लागलें. १९ वर्षांचा बिल गेट्स आणि २२ वर्षांचा पॉल ॲलन ह्यांनीं, अल्टेअर डोळ्यांनीं न पाहतां, हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर त्याचें सोंग उभें करून बेसिक ही भाषा रचली होती. १९७५ च्या जूनमध्यें एका प्रदर्शनांतून तिची छिद्रांकित कागदी फीत कोणीतरी उचलली. होमब्रूमध्यें तिच्या प्रती वांटल्या गेल्या. नियम असा कीं, एक नेईल त्यानें दोन आणाव्या. फेब्रुवारी १९७६ मध्यें गेट्सनें खुलें पत्र लिहून ही सरळ चोरी ठरविली, आणि फुकट मेहनत कोण करील, असा सवाल टाकला. दुसऱ्याची वही उतरूं नका, असें मीं मुलांना जन्मभर बजावलें. तेव्हां माझा कौल गेट्सकडे जाणें प्राप्त आहे, आणि तो तसा जातोही. पण त्याच मंडळांत वॉझ्निअॅकनें आपली वही उघडून सर्वांपुढें ठेवली होती, आणि तिच्यावांचून पुढलें कांहीं घडलें नसतें, हेंही मला विसरतां येत नाहीं.

आणि तो रिकाम्या पेटीचा धनी? एड रॉबर्ट्‌सनें १९७७ सालीं कंपनी विकली व तो जॉर्जिया प्रांतांत शेती करूं लागला. पुढें चाळिशी उलटल्यावर वैद्यकाचा अभ्यास करून १९८६ सालीं पदवी घेतली, आणि कॉक्रन नांवाच्या लहानशा गांवीं तो दवाखाना चालवूं लागला. त्याच्या अखेरच्या दुखण्यांत बिल गेट्स रुग्णालयांत भेटून गेला. १ एप्रिल २०१० रोजीं रॉबर्ट्‌स वारला.